मेंदूतील क्षारांचा तोल आणि तो राखणाऱ्या पेशी

सांगली-मिरजेतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात घटकाभर उभे राहिले, तरी सोडियम आणि पोटॅशियम हे दोन शब्द कानावर पडल्यावाचून राहत नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा सीमेपलीकडच्या अथणीहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईकही दोन-तीन दिवसांत हे आकडे तोंडपाठ म्हणू लागतात. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि हे आकडे काढून देणे हा माझ्या दिवसाचा मोठा भाग आहे: सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, दोन्ही मिलिमोल प्रति लीटर. मात्र हे आकडे रक्ताचे आहेत. मेंदूतील पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातील पोटॅशियम ३ मिलिमोलच्या आसपास असते, आणि रक्तातील पोटॅशियम वर गेले किंवा खाली आले तरी ते सहसा जागचे फारसे हलत नाही. ते तसे कोण राखते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ग्लिया या पेशींकडे जाते. या पेशींना चेतापेशींच्या मदतनीस म्हणण्याची जी पद्धत पाठ्यपुस्तकांतून रुळली आहे, ती मला अपुरी वाटते. चेतापेशीने केव्हा पेटावे, म्हणजे विजेचा आवेग सोडावा, आणि केव्हा शांत राहावे, हे ठरवण्यात त्यांचा जो वाटा आहे, तो मदतीच्या पलीकडचा आहे, आणि तो नीट समजून घ्यायचा तर सुरुवात पोटॅशियमपासूनच करावी लागते.

शरीरातील जवळजवळ सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते. आमच्या कामात याचा प्रत्यय रोज येतो. सुई नीट न लागल्यामुळे किंवा नळी जोरात हलवल्यामुळे रक्ताचा नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे त्यातील तांबड्या पेशी फुटल्या, की पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, कारण पेशींच्या आतला साठा सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, मिसळलेला असतो. सीरम वेगळे न करता रक्ताची नळी रात्रभर फ्रिजमध्ये राहिली, तर एकही पेशी न फुटता पोटॅशियम वाढते. थंडीने पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते, हे त्याचे कारण. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि त्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा याच पंपावर खर्च होतो.

चेतापेशीच्या आत पोटॅशियम १४० मिलिमोलच्या आसपास आणि बाहेर ३. या तफावतीवर पेशीचा विश्रांतीचा विद्युत विभव, म्हणजे पटलाच्या आत-बाहेरचा विजेच्या दाबातील फरक, उभा असतो. आतला आकडा थोडाफार बदलला तरी फरक पडत नाही, कारण १४० चे १३९ झाले तर गुणोत्तर जवळपास तेच राहते. बाहेरचा आकडा मात्र मुळातच इतका लहान आहे की ३ चे ६ झाले तरी गुणोत्तर निम्म्यावर येते आणि गणिताने पोटॅशियमचा समतोल विभव सुमारे १८ मिलिव्होल्टने सरकतो. तेवढ्याने चेतापेशी पेटण्याच्या उंबरठ्याशी येऊन ठेपते. आणि पेटली की प्रत्येक आवेगाबरोबर थोडे सोडियम आत घेते व थोडे पोटॅशियम बाहेर सोडते. सोडलेली मात्रा अगदी अल्प असते, परंतु ती ज्या जागेत जाते ती जागाही तशीच अल्प असते: मेंदूच्या एकूण आकारमानापैकी जेमतेम पाचवा भाग पेशींच्या बाहेरचा आहे, आणि दोन पेशींमधील फट साधारणपणे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी अरुंद असते. इतक्या अरुंद फटीत पोटॅशियम साचू लागले, तर शेजारची पेशी पेटते, तीही पोटॅशियम सोडते आणि साचलेले आणखी वाढते.

आमच्याकडे वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील कृष्णाकाठच्या ज्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यांचे उदाहरण मला या बाबतीत नेमके वाटते. उसाला वर्षानुवर्षे पाटाचे पाणी दिले गेले, परंतु खालून निचरा झाला नाही, म्हणून क्षार वर येऊन साचले आणि उत्तम काळी जमीन नापीक झाली. जिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून साचलेले क्षारयुक्त पाणी दूर ओढ्यापर्यंत नेले गेले, तिथे ती पुन्हा पिकू लागली. शेताच्या एका कोपऱ्यात साचलेला क्षार तिथेच नाहीसा करता येत नाही, तो दुसरीकडे न्यावा लागतो. मेंदूत हे नेण्याचे काम ग्लियांपैकी ॲस्ट्रोसाइट नावाच्या, ताऱ्याच्या आकाराच्या पेशी करतात.

या पेशींकडे लक्ष जायला फार उशीर झाला. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचे वर्णन केले, ते चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारा भराव म्हणून. पुढे इटलीचे गोल्जी आणि स्पेनचे काहाल यांनी रंजनपद्धतींच्या साहाय्याने त्यांचे आकार उत्तम रीतीने रेखाटले, काहाल यांनी १९१३ मध्ये सोन्याच्या क्षारावर आधारलेली खास पद्धतही त्यांच्यासाठी तयार केली, परंतु आकार दिसला तरी काम दिसेना. या पेशी आवेग निर्माण करत नाहीत, त्यामुळे विजेच्या भाषेत त्या मुक्या राहिल्या. त्यांची संख्या चेतापेशींच्या दहापट असते, हे वाक्यही अनेक पुस्तकांतून वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिले. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मानवी मेंदूत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि इतर सर्व पेशी जवळजवळ तेवढ्याच भरल्या. मला या दुरुस्तीचे महत्त्व वाटते, कारण ग्लियांचे मोठेपण संख्येवर उभे करण्याची गरजच नाही.

त्यांचे काम प्रथम स्पष्टपणे समोर आणणारे प्रयोग मला फार आवडतात आणि त्यांच्याविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. १९५६ मध्ये फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेताक्षावर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर, काम करताना दाखवले होते की एकामागून एक आवेग गेले की चेताक्षाच्या लगत, त्याला वेढणाऱ्या आवरणाच्या आतल्या अरुंद जागेत पोटॅशियम साचते. म्हणजे साचण्याची शक्यता कागदावरची नव्हती, ती मोजता येत होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, हार्वर्डमध्ये स्टीफन कफलर, जॉन निकल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांनी मडपपी नावाच्या उत्तर अमेरिकेतील एका उभयचर प्राण्याची दृष्टिचेता घेतली. त्या चेतेतील ग्लिया पेशी मोठ्या असल्यामुळे त्यांच्यात काचेची सूक्ष्म सुई घालून विभव मोजणे शक्य होते. बाहेरच्या द्रवातील पोटॅशियम कमी-जास्त केले असता ग्लिया पेशीचा विभव पोटॅशियमच्या आत-बाहेरच्या गुणोत्तरावरून तो काढण्याच्या सूत्रानुसार तंतोतंत बदलत गेला. चेतापेशीच्या पटलातून सोडियम आणि इतर आयनांचीही थोडी ये-जा चालू असते, त्यामुळे तिचा विभव असा तंतोतंत जुळत नाही. ग्लियाचे पटल मात्र जवळजवळ केवळ पोटॅशियमलाच वाट देते. आमच्या इलेक्ट्रोलाइट यंत्रात पोटॅशियम मोजण्यासाठी जो इलेक्ट्रोड असतो, त्याचे पटल व्हॅलिनोमायसिन या द्रव्यामुळे केवळ पोटॅशियमला ओळखते आणि त्यावर निर्माण होणाऱ्या विभवावरून आम्ही मात्रा काढतो. ग्लिया पेशी ही निसर्गानेच घडवलेली तशीच एक पोटॅशियम-इलेक्ट्रोड आहे, हे प्रथम वाचले तेव्हा ज्या यंत्रासमोर मी रोज बसते त्याच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा होता. त्यांनी चेतेतील तंतूंना उद्दीपित केले, तेव्हा प्रत्येक आवेगाबरोबर ग्लिया पेशीचा ऋण विभव थोडासा घटला, म्हणजे शून्याकडे सरकला, आवेग वाढत गेले तशी ही घट एकमेकींवर चढत गेली आणि उद्दीपन थांबल्यावर काही सेकंदांत हळूहळू ओसरली. चेतापेशी आणि ग्लिया यांच्यात थेट जोडणी नसताना ही बातमी पोहोचवणारा दूत पोटॅशियमच होता. त्यातून ऑर्कंड आणि सहकाऱ्यांनी पुढची कल्पना मांडली. ग्लिया पेशी परस्परांना सूक्ष्म जोडमार्गांनी जोडलेल्या असतात. जिथे पोटॅशियम साचले आहे तिथे जाळ्याचा विभव घटतो, इतरत्र तो तसाच राहतो, आणि या फरकामुळे जाळ्यातून प्रवाह वाहू लागतो: साचलेल्या जागी पोटॅशियम आत शिरते आणि दूर, जिथे ते कमी आहे तिथे, बाहेर पडते. यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही. साचलेल्या पोटॅशियमने निर्माण केलेला फरकच त्याला दूर नेतो. डोळ्यातील दृष्टिपटलावर एरिक न्यूमन यांनी १९८० च्या दशकात याचे फार देखणे रूप दाखवले. दृष्टिपटलाची पूर्ण जाडी व्यापणाऱ्या म्युलर पेशींची पोटॅशियमला वाट देण्याची क्षमता त्यांच्या एका टोकाशी, डोळ्यातील काचरस नावाच्या जेलीसारख्या द्रवाला लागून, एकवटलेली असते, त्यामुळे आतल्या थरांत साचलेले पोटॅशियम त्या टोकातून काचरसाच्या मोठ्या साठ्यात सोडले जाते.

ही वाट म्हणजे मुख्यतः कीर ४.१ नावाचे चॅनल. ॲस्ट्रोसाइटच्या पटलावर ते विपुल असते, विशेषतः चेतासंधींना, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश देतात त्या जागांना, वेढणाऱ्या बारीक फांद्यांवर आणि रक्तवाहिन्यांना लपेटणाऱ्या पायांसारख्या टोकांवर. आत जाणाऱ्या पोटॅशियमला ते बाहेर येणाऱ्यापेक्षा सुलभ वाट देते. त्याच्यामुळेच ॲस्ट्रोसाइटचा विभव ऋण ८० ते ९० मिलिव्होल्टच्या घरात राहतो, आणि या खोल ऋण विभवावर तिचे आणखी एक काम अवलंबून असते. चेतासंधीत सोडलेला ग्लुटामेट हा उत्तेजक रेणू ॲस्ट्रोसाइट आपल्या वाहकाने उचलते; प्रत्येक ग्लुटामेटबरोबर तीन सोडियम आणि एक हायड्रोजन आयन आत येतात व एक पोटॅशियम बाहेर जाते. सोडियमचा हा उतार, म्हणजे बाहेर जास्त आणि आत कमी ही तफावत, पंपाने टिकवलेला असतो. म्हणजे पोटॅशियमची व्यवस्था ढासळली की ग्लुटामेटही साचतो, आणि साचलेला ग्लुटामेट चेतापेशींना आणखी पेटवतो. बायकार्बोनेटच्या ने-आणीतून आम्लतेचा तोलही याच पेशी बऱ्याच प्रमाणात सांभाळतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पाठ्यपुस्तकांतील आकृत्या पाहिल्या तर सगळे काम कीर ४.१ आणि जोडमार्गांच्या जाळ्याचे आहे असे वाटते, परंतु पुरावा त्याहून गुंतागुंतीचा आहे. ग्लिया पेशी पोटॅशियम सक्रियपणे उचलून घेतात, ही कल्पना लाइफ हर्ट्झ यांनी १९६५ मध्येच मांडली होती. कोपनहेगन येथील नाना मॅकॉले यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागावर एकेक यंत्रणा बंद करून पाहिली. चेतापेशी पेटल्यानंतर वाढलेले पोटॅशियम खाली आणण्यात सोडियम-पोटॅशियम पंपाचा वाटा मोठा आढळला, तर कीर ४.१ चे महत्त्व एका जागी साचलेले पोटॅशियम पसरवण्यात अधिक दिसले. ॲस्ट्रोसाइटमधील पंपाची घडणही चेतापेशीतील पंपापेक्षा निराळी आहे: बाहेरचे पोटॅशियम नेहमीच्या पातळीवर असताना तो पूर्ण वेगाने चालत नाही आणि ते वाढू लागले की वेग घेतो. माझ्या मते या दोन मतांत भांडण लावण्याचे कारण नाही. उचलून ठेवणे आणि दूर नेणे ही दोन्ही कामे लागतात. उचललेले पोटॅशियम पुढे चेतापेशींना परतही द्यावे लागते, अन्यथा त्यांचा आतला साठा रिता होत जाईल.

निरोगी मेंदूत, इंद्रियांना नेहमीचे उद्दीपन होत असताना, बाहेरचे पोटॅशियम एका मिलिमोलहूनही कमी वाढते. फिट येते तेव्हा ते १० ते १२ पर्यंत जाते आणि तिथे थबकते. १९७० च्या दशकात हायनेमान आणि लुक्स यांनी मांजरांच्या मेंदूत पोटॅशियम-संवेदी सूक्ष्म इलेक्ट्रोडने ही कमाल मर्यादा मोजली. साऱ्या चेतापेशी एकाच वेळी पेटलेल्या असतानाही आकडा याहून वर सरकत नाही, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत बोलकी वाटते, कारण तिथे निचऱ्याचा जोर उघड दिसतो.

ही मर्यादा ओलांडली तर काय होते, तेही ज्ञात आहे. आरिस्तिदेस लेआँ या तरुण ब्राझिलियन संशोधकाने १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करत असताना एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली: उद्दीपित केलेल्या जागेपासून विद्युत शांततेची एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर इतक्या संथ गतीने पसरत गेली आणि तिच्या मागे काही मिनिटे मेंदूचा पृष्ठभाग मूक राहिला. पुढे मोजले गेले तेव्हा या लाटेत बाहेरचे पोटॅशियम ३० मिलिमोलच्याही पुढे जाते असे आढळले. इतक्या पोटॅशियममध्ये चेतापेशी प्रथम पेटतात आणि मग पेटण्यासच असमर्थ होतात. त्याच्या तीनच वर्षे आधी कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या अर्धशिशीच्या वेळी नजरेसमोर सरकणाऱ्या चमकत्या नागमोडी रेषेची नोंद ठेवून, दृष्टीच्या केंद्रावर ती मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावी असे अनुमान काढले होते. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले हे दोन आकडे जुळतात आणि आज अर्धशिशीच्या या पूर्वलक्षणामागे हीच लाट मानली जाते. अर्धशिशीचा एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार आहे, ज्यात काही काळ शरीराची एक बाजू लुळी पडते. त्याच्या एका उपप्रकारात बिघाड सापडला तो २००३ मध्ये, आणि तो नेमका प्रौढ मेंदूत मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये असणाऱ्या पंपाच्या जनुकात होता. चेतापेशीचा दोष नसताना चेतापेशी बंद पडतात, हे याहून स्पष्टपणे कसे सांगता येईल?

माझ्यासारख्या रक्ताचे अहवाल पाहणाऱ्या व्यक्तीला दुसरे एक उदाहरण अधिक जवळचे वाटते. २००९ मध्ये दोन संशोधन गटांनी जवळजवळ एकाच वेळी एका नव्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, ज्यात लहान मुलांना फिट येतात, चालताना तोल जातो, ऐकू कमी येते आणि मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात. या मुलांच्या रक्तात पोटॅशियम कमी, मॅग्नेशियम कमी आणि रक्त अल्कधर्मी आढळते. अहवाल हाती घेतला तर डोळ्यांसमोर मूत्रपिंडच येईल, आणि फिटचे कारणही कमी झालेल्या क्षारांतच शोधण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात दोष कीर ४.१ च्या जनुकात असतो. तेच चॅनल मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांत, कानातील शंखाकृती भागात आणि मेंदूतील ग्लियांत काम करते, म्हणून एकाच बिघाडाची तीन ठिकाणी चार लक्षणे दिसतात. रक्तातील क्षार गोळ्यांनी भरून काढता येतात. मेंदूतील निचऱ्याचा दोष त्याने भरून निघत नाही.

उलट दिशेचा बिघाडही आढळला आहे. चीनमधील हू हाईलान यांच्या गटाने २०१८ मध्ये नैराश्यसदृश अवस्थेतील उंदरांच्या मेंदूतील लॅटरल हबेन्युला या छोट्या केंद्रात कीर ४.१ चे प्रमाण वाढलेले दाखवले. तिथल्या ॲस्ट्रोसाइट चेतापेशींच्या अगदी लगतचे पोटॅशियम जास्त ओढून घेतात, चेतापेशींचा विभव अधिक ऋण होतो, आणि त्यामुळे शांत होण्याऐवजी या केंद्रातील चेतापेशी झटक्याझटक्याने पेटू लागतात. हे केंद्र असे पेटले की प्राण्याची सुखाची ओढ मावळते. माणसाच्या नैराश्याला हे किती लागू पडेल ते पुढे कळेल. तरीही चॅनलच्या मात्रेतील बदलाने प्राण्याचे वागणे बदलते, एवढे त्यातून दिसते. अमेरिकेतील रोचेस्टर येथील माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत असेही दाखवले की झोपेत मेंदूच्या पेशीबाह्य द्रवातील पोटॅशियम घटते, कॅल्शियम व मॅग्नेशियम वाढतात, आणि जाग येताना हे बदल उलटतात. म्हणजे ज्याला आपण तोल म्हणतो, तो एकाच आकड्यावर खिळलेला नसतो. मेंदूच्या अवस्थेप्रमाणे त्याची पातळी बदलते.

आता पुन्हा रक्ताकडे वळते. रुग्णाचे पोटॅशियम ६.५ च्या वर आले की आम्ही अहवाल छापण्याची वाट न पाहता वॉर्डात फोन करतो. त्या फोनमागे चिंता हृदयाची असते, मेंदूची नसते. हृदयाचे स्नायू रक्तातील पोटॅशियमला थेट सामोरे जातात, तर मेंदूतील रक्तवाहिन्यांचे अस्तर घट्ट सांधलेले असते आणि त्याला बाहेरून ॲस्ट्रोसाइटची टोके वेढून असतात. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात दरवर्षी अर्धमॅरेथॉन होते. तो चढ धावत चढणाऱ्याच्या पायांतील स्नायू इतके पोटॅशियम सोडतात की रक्तातील पातळी काही काळ बरीच वर जाते, परंतु त्याला फिट येत नाही. रोखण्याचे पहिले काम त्या अस्तराच्या पेशींचे आहे आणि त्याचे श्रेय ग्लियांना देऊन टाकणे बरोबर होणार नाही, मात्र अस्तराची ही घट्ट वीण टिकवण्यात ॲस्ट्रोसाइटचा हातभार असतो.

सोडियमच्या बाबतीत हे संरक्षण तोकडे पडते, कारण तिथे प्रश्न पाण्याचा येतो. रक्तातील सोडियम कमी झाले की पाणी मेंदूत शिरते, आणि त्याचा मोठा भाग ॲस्ट्रोसाइटच्या रक्तवाहिनीलगतच्या टोकांवरील ॲक्वापोरिन ४ या जलमार्गातून जातो. ॲक्वापोरिन या कुळाच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या उंदरांत ॲक्वापोरिन ४ नव्हते, त्यांचे सोडियम झपाट्याने खाली आणले तरी मेंदू कमी सुजला आणि अधिक उंदीर वाचले, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. म्हणून सूज येते ती प्रथम ॲस्ट्रोसाइटला. मेंदू या सुजेला प्रतिसाद देतो: काही तासांत पोटॅशियम आणि क्लोराइड पेशींबाहेर टाकले जातात, आणि साधारण दोन दिवसांत मायो-इनोसिटॉल, टॉरिन, ग्लुटामिन, क्रिएटिन यांसारखे सेंद्रिय रेणूही बाहेर सोडून पेशी आपला आकार पूर्ववत आणतात. त्यामुळे सोडियम हळूहळू ११५ पर्यंत उतरलेली एखादी वृद्ध व्यक्ती थोडीशी गोंधळलेली, पण बोलती-चालती असू शकते, तर काही तासांत तेवढेच उतरलेल्या तरुणाला फिट येऊन त्याचा जीव धोक्यात येतो.

आमच्या भागात असे पेशंट पुष्कळ असतात. रक्तदाबासाठी थायझाइड गटाची, म्हणजे लघवीवाटे क्षार घालवणारी, गोळी चालू आहे, उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या आहेत, जेवण तुटले आहे आणि वर भरपूर साधे पाणी पाजले गेले आहे, असा प्रकार वयस्कर माणसांत वारंवार दिसतो. मग सलाइन चालू होते, सकाळ-संध्याकाळ रक्त आमच्याकडे येते आणि काचेच्या खिडकीपाशी मुलगा किंवा सून विचारते, "मॅडम, कालपासून सलाइन चालू आहे, तरी आकडा एवढाच कसा वाढला?" ही काळजी अगदी स्वाभाविक आहे. उपचाराविषयी बोलणे माझ्या अधिकारात नाही, ते डॉक्टरांनीच सांगायचे. परंतु आकडा सावकाश का चढवला जातो, यामागचे शरीरशास्त्र समजावून सांगायला हरकत नसावी.

दोन दिवसांत मेंदूच्या पेशींनी आपले रेणू बाहेर टाकून कमी सोडियमशी जुळवून घेतलेले असते. ते रेणू परत आत भरून घ्यायला बाहेर टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. या अवस्थेत रक्तातील सोडियम एकदम वर नेले, तर पाणी उलट दिशेने ओढले जाते आणि पेशी आक्रसतात. उंदरांवरील प्रयोगांत अशा वेळी प्रथम ॲस्ट्रोसाइट मरताना दिसल्या आणि त्यानंतर चेताक्षांवरील मायलिनचे आवरण नष्ट झाले. मेंदूच्या खोडातील पॉन्स या भागात अधिक दिसणाऱ्या या विकृतीचे पहिले वर्णन १९५९ मध्ये रेमंड ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी केले. सोडियमच्या वेगवान वाढीशी त्याचा संबंध नंतरच्या दशकांत स्पष्ट झाला. दारूचे व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार किंवा रक्तात पोटॅशियमही कमी असेल, तर धोका वाढतो, आणि अशा रुग्णांत २४ तासांत ८ मिलिमोलपेक्षा अधिक वाढ होऊ न देण्याची दक्षता घेतली जाते. फिट येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर सुरुवातीचे काही मिलिमोल मुद्दाम लवकर वाढवावे लागतात, परंतु दिवसभराची मर्यादा तेव्हाही पाळायची असते. यातील फसवा भाग असा की सोडियम झपाट्याने वाढलेला रुग्ण आधी चांगला सुधारल्यासारखा दिसतो, ओळखू लागतो, जेवतो, आणि बोलण्या-गिळण्यातील अडचण व हातापायांचा अशक्तपणा त्यानंतर दोन ते सहा दिवसांनी सुरू होतो. म्हणूनच ११४ नंतर दुसऱ्या दिवशी १२० आले की मी नातेवाइकांना सांगते की हा आकडा कमी असला तरी चढण्याचा वेग योग्य आहे, आणि संध्याकाळचे रक्त ठरलेल्या वेळीच पाठवा.